ऐनाच्या फांद्यांचा मांडव

"पेरायच्या आधी आपलंच रान जाळणारे लोक मी पहिल्यांदाच पाहतोय," साहेब मडमेला इंग्रजीत म्हणाला आणि त्याने चहाचा कप खाली ठेवला.

मी मडमेच्या शेजारीच बसले होते, पण मला ते समजेल हे त्याच्या ध्यानात राहिलं नसावं. सूर्यमाळेच्या पठारावर चैत्राचं ऊन होतं आणि आम्ही मांडवाखाली होतो. इंग्रज सरकारने या साहेबाला जव्हार संस्थानाला जंगलाबाबत सल्ला द्यायला पाठवलं होतं. माझे वडील दरबारात कारकून. ते दुभाषे म्हणून आले होते. मडमेशी बोलायला इंग्रजी येणारी दुसरी बाई जव्हारात नव्हती, म्हणून मलाही आणलं होतं. नाशिकच्या इंग्रजी शाळेत मी पुष्कळ शिकले, फक्त चारचौघांत बोलायचं राहून गेलं. मडमेच्या प्रश्नांना मी हो किंवा नाही एवढंच म्हणत होते.

साहेबाने सकाळी उतारावरचे काळे पट्टे पाहिले होते आणि बांधावरची ऐनाची झाडं, फांद्या छाटलेली, नुसते सोट उभे. त्याचं ठरलंच होतं. ऐनाची फांदी तोडायला बंदी घाला, असं तो दरबाराला सांगणार होता. फांदी नाही तर राब नाही, म्हणजे रोपासाठी जमीन भाजणं नाही. आणि राब नाही तर या उतारावर ना नागली, ना भात. पाड्यावरच्या लोकांनी खायचं काय, हा प्रश्न साहेबाच्या सल्ल्यात कुठे बसत नव्हता.

राब मी पुस्तकात वाचलेला नाही. माझ्या जन्मानंतर आई आजारी पडली, तेव्हा मला दूध पाजलं ते याच पाड्यावरच्या एका बाईने. मी तिला बाय म्हणते. शाळेत जायच्या आधीचे सगळे चैत्र मी बायच्या मागेमागे फिरून काढले. जमिनीवर शेणाचा थर, त्यावर फांद्या, त्यावर गवत आणि पाचोळा, वर माती. पेटवायचं ते वाऱ्याच्या उलट बाजूने. मग आग पळत नाही, गुरासारखी चरत चरत जाते. त्या राखेत रोप जोमाने येतं. धुराने माझे डोळे चुरचुरले की बाय म्हणायची, "डोलं पूस नि गवत आण."

शाळेत 'माझे घर' या विषयावर निबंध होता. आमच्याकडे आधी शेत भाजतात, मग पेरतात, असं मी लिहिलं. बाईंनी त्याखाली लाल रेघ ओढून विचारलं, उलट लिहिलंस का? मी निबंध पुन्हा सुवाच्य अक्षरात लिहून दिला आणि ते वाक्य होतं तसंच ठेवलं. लिहिताना एवढा हट्ट मला जमत असे.

आता या मांडवाचं सांगायला हवं. मोठा पाहुणा येणार म्हणून पाड्याने सकाळी ऐनाच्या ताज्या, दाट पानांच्या फांद्या आणून तो घातला होता. पाहुण्याला सावली द्यायची तर ऐनाची, यात विचार करण्यासारखं काही असेल असं कुणाला वाटलंच नाही. साहेब मात्र अधूनमधून वर बघत होता, आणि गुन्हा डोक्यावरच टांगलेला असावा तसा त्याचा चेहरा होत होता.

बायका एका कडेला बसल्या होत्या. बाय मला ऐकू येईल अशा बेताने म्हणाली, "आमची पोर बग, मडमेच्या मांडीला मांडी लावून बसली. आता आमाला वलखंल का ती?"

"वलखंल गं," दुसरी म्हणाली. "पर इंग्रजीत."

त्या हसल्या. मीही खाली बघून हसले.

मग साहेबाने विचारलं, दर वर्षी किती झाडं मारता? वडिलांनी ते मराठीत सांगितलं. पाड्यातला सर्वांत वयस्कर माणूस उठला. "झाड कशाला मारू? झाडाच्या जिवावर तर आमी. शेंडा सोडतू, फांदी घेतू. पावसात परत पालवी येते, मग त्या झाडाला..." तो बोलतच राहिला असता, पण दरबारचे कारभारी वडिलांकडे वळून म्हणाले, "पुरे. थोडक्यात सांगा."

वडिलांनी खाली बघत इंग्रजीत सांगितलं, "ते म्हणतात, ही त्यांची जुनी चाल आहे."

"जुनी आहे, ते दिसतंच आहे," साहेब म्हणाला आणि टोपी उचलली.

बायला इंग्रजी येत नाही. पण म्हाताऱ्याचं एवढं लांब बोलणं दुसऱ्या टोकाला एवढंसं होऊन निघालं, ते तिने पाहिलं. तिने तिथूनच मला विचारलं, "येवढंच?"

मी उठले. कारभाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, वडिलांनी पाहिलं नाही. परतताना गाडीत मात्र त्यांनी स्वतःच्या तांब्यातलं पाणी आधी माझ्यापुढे धरलं. बंदी पुढे आली नाही. दरबारात काय बोलणं झालं ते मला कुणी सांगितलं नाही, आणि ते माझ्यामुळे झालं असं मी म्हणत नाही. पुढच्या चैत्रात सूर्यमाळेवर धूर दिसला, एवढं मला पुरलं. मी पुष्कळ लिहिते. चार लोक त्याला बरं म्हणतात. पण त्या दुपारी मी जे बोलले त्याचा मला जेवढा अभिमान वाटतो, तेवढा लिहिलेल्या कशाचाच वाटत नाही. मी उभीच होते. मडमेने हातातला पंखा हलवायचा थांबवला, आणि मी साहेबाला त्याच्याच भाषेत म्हणाले,

"तुम्ही बसला आहात ती सावली याच झाडांची आहे, साहेब. तुम्ही गेलात की या फांद्यांचा राब होईल, आणि पावसात झाडं पुन्हा भरतील. आम्ही शेंड्याला हात लावत नाही. चला, मी दाखवते."