घसरगुंडीखालची गोंग मावशी

चीनच्या थंड उत्तरेतल्या हार्बिनमधली नदी एकदा घट्ट गोठली की माणसं करवती घेऊन तिच्यावर उतरतात, तिचे पेटीएवढाले ठोकळे कापतात आणि त्या ठोकळ्यांचं एक अख्खं गाव बागेत उभं करतात. बुरूज, कमानी, पूल, देवळं, सगळं बर्फाचं आणि आतून दिवे लावलेलं. वसंत आला की ते वितळून पुन्हा नदीला मिळतं आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. एवढा खटाटोप कशासाठी, असं इथे कुणी विचारत नाही. पोरं येतात म्हणून करतात.

पोरं येतात ती मुख्यतः घसरगुंडीसाठी. सगळ्यात उंच बुरुजाच्या माथ्यावरून ती निघते आणि एक मोठं वळण घेऊन थेट खाली येते. वर दियाओ नावाचा म्हातारा बसतो. लोखंडी दांडा उचलायचा, चटईवर बसलेल्या पोराच्या पाठीला हलका धक्का द्यायचा आणि दांडा पुन्हा पाडायचा, हे त्याचं काम. खाली उभी असते गोंग याछिन. पाय फाकवून, हात पसरून, कापूस भरलेल्या लष्करी कोटात. सुसाट आलेलं पोर छातीशी झेलायचं, बाजूला करायचं आणि पुढच्यासाठी तयार राहायचं. उन्हाळ्यात ती याच बागेत हंसाच्या होड्या सोडते, पण ते कुणाच्या लक्षात राहत नाही. शहराला ती ठाऊक आहे ती झेलणारी गोंग मावशी म्हणून. तिने झेललेली पोरं आता स्वतःची पोरं घेऊन येतात आणि खालूनच ओरडतात, "मावशी, माझा सोन्या येतोय हं, नीट धरा!" मावशी म्हणते, "तुला धरला होता तेव्हा नाक मोडलं होतं का तुझं?"

तिचा नियम एकच. पोर येत असताना नजर हलवायची नाही. त्यामुळे तिचं तोंड कायम घसरगुंडीकडे आणि पाठ त्या झगमगत्या गावाकडे. इतके हिवाळे त्या गावात काढून तिने ते कधी धड पाहिलंच नव्हतं. ती वर कधी चढलीही नव्हती. ती वर गेली तर खाली कोण उभं राहणार?

एका गोष्टीने मात्र तिचं डोकं फिरायचं. पोरांना झेलून बाजूला केलं, तरी निम्मी पोरं तिथेच बर्फावर उताणी पडून राहायची. डोळे वर, तोंड उघडं. "ऊठ बाळा, मागचा येतोय!" हे वाक्य ती दिवसभर म्हणायची, झोपेतसुद्धा म्हणत असेल. वर असं काय ठेवलंय, हे तिला कधी कळलं नाही.

तिची लेक श्वेयान दूर दक्षिणेला सान्याला राहते, समुद्रावर. जावई तिथल्या एका हॉटेलात आचारी आहे. हार्बिनमधले अर्धेअधिक म्हातारे हिवाळाभर सान्यात ऊन खात पडलेले असतात, तेव्हा लेकीचं म्हणणं अगदीच वावगं नव्हतं. "आई, गुडघे दुखतात तुझे. ये इकडे, सोड ते बर्फ." गोंग म्हणायची, "तिकडे येऊन मी काय झेलू, नारळ?" यावर श्वेयान चिडायची, कारण तिच्या सहा वर्षांच्या मुलीचं लाडाचं नाव येझ होतं आणि येझ म्हणजे नारळच. आजीला ते नाव पहिल्यापासून पटलं नव्हतं. पोरीला कुणी नारळ म्हणतं का?

या वर्षी फोनवर अखेर तडजोड झाली. श्वेयान येझला घेऊन चार दिवस येणार. नातीला हिवाळा आवडला तर दर वर्षी येणं होईल. नाही आवडला, तर पुढच्या थंडीत आजीने गुपचूप सान्याला जायचं, कटकट करायची नाही. गोंग हो म्हणाली खरी, पण घसरगुंडीखालची ती जागा सोडून आपण कोण आहोत, हे तिला सांगता आलं नसतं.

येझ आली ती रजईत गुंडाळलेलं बोचकंच जणू, फक्त डोळे बाहेर. विमानतळाच्या दारातच रडली. हवा नाकाला चावते म्हणाली. गोठवलेली काळी नासपती, हिवाळ्यातला इथला खास खाऊ, आजीने कौतुकाने पुढे केली, तर म्हणाली, "हे सडलंय." तीन दिवस ती घर तापवणाऱ्या गरम नळ्यांच्या भिंतीला पाठ लावून बसून राहिली. श्वेयान येता-जाता सान्याचं तापमान मोठ्याने वाचून दाखवत होती. तिचंही एक होतंच, आईने आणलेले नमद्याचे, म्हणजे कुटलेल्या लोकरीचे, जाड बूट काही पायात घालायची नाही. सान्याहून आणलेल्या कापडी बुटांतच मिरवत होती. हट्ट कुठून आला असेल, हे सांगायला नको.

चौथ्या दिवशी दुपारी आजीने नातीला स्वतः तयार केलं. दोन पायमोजे, दोन टोप्या, मफलर, हातमोजे. सगळ्या सूचना दिल्या आणि शेवटी सवयीने म्हणाली, "आणि लोखंडाला जीभ लावायची नाही हं."

"का?"

"चिकटते."

"का चिकटते?"

"चिकटते म्हणून चिकटते! चल."

इथेच घोटाळा झाला. इथल्या थंडीत ओली जीभ लोखंडाला लागताच गोठून बसते, हे खरं. सान्यातल्या पोरीच्या सात जन्मांत लोखंड चाटायचं मनात आलं नसतं. पण हार्बिनमधल्या प्रत्येक आईने हे वाक्य आपल्या पोराला सांगितलेलं असतं, प्रत्येक पोराने त्यानंतर पहिलं दिसलेलं लोखंड चाटलेलं असतं, आणि तीच पोरं मोठी होऊन तेच वाक्य पुन्हा सांगतात.

बागेत गोंग आपल्या जागी उभी राहिली. येझ इतर पोरांबरोबर रांगेतून बुरूज चढली, कारण एवढी पोरं निमूट जाताना एकटं रडायची तिला लाज वाटली. श्वेयान आईशेजारी कापडी बुटांत नाचत होती. "पाय गेले माझे," ती म्हणाली. "बूट घरी आहेत," गोंग नजर न हलवता म्हणाली. दिवस कलायला लागला होता. एक पोर आलं, झेललं. दुसरं आलं, झेललं. मग कुणी येईना.

वरून दियाओचा आवाज आला, "ताई! तुमचा नारळ दांड्याला चिकटला!"

खालची माणसं हसली. श्वेयान आईकडे वळली. "तू तिला सांगितलंस?"

"चाटू नको म्हणून सांगितलं."

"म्हणजे सांगितलंसच! मलाही असंच सांगितलं होतंस तू!"

गोंगने कोटातून गरम पाण्याची बाटली काढली आणि ती धावली. आपली जागा सोडून जाताना मागे वळून एवढंच म्हणाली, "इथे बघ जरा."

बर्फाच्या पायऱ्यांवर गोणपाट टाकलं होतं, तरी तिचे गुडघे करकरत होते. रांगेतली पोरं भिंतीला चिकटून वाट देत होती. त्यांचे आईबाप धीर देत होते. "ओढू नका हो तिला." "माझी शाळेच्या फाटकाला चिकटली होती, अजून आठवतं." "माझी सायकलला." एक टक्कल पडलेले गृहस्थ तर जीभ बाहेर काढून खूण दाखवायला लागले.

वर येझ दांड्याशी वाकून उभी होती आणि गालांवरचं पाणी गोठत होतं. गोंगने झाकणात पाणी ओतलं, एक घोट घेऊन फार गरम नाही ना पाहिलं आणि थेंब थेंब जिभेवर सोडलं. "ओढू नकोस. श्वास घे. तुझ्या आईची याहून वाईट चिकटली होती, अख्ख्या गल्लीने पाहिली." जीभ हळूच सुटली. येझने आजीच्या कोटात तोंड खुपसलं आणि हुंदके द्यायला लागली. गोंगने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि मनाशी म्हणाली, संपलं. पुढच्या थंडीत वाळूत बसायचं. तिला स्वतःलाच रडू फुटणार होतं.

तेवढ्यात दिवे लागले.

रोज या वेळी लागतात तसेच लागले, पण ते तिच्या पाठीमागे लागायचे. आज ती वर होती आणि तोंड गावाकडे होतं. आधी पायाशी निळं उजळलं, मग पुलांमधून हिरवं सरकत गेलं, मग एकेक बुरूज आतून लाल, केशरी, पिवळा होत गेला, थेट नदीपर्यंत. पलीकडे नदी पांढरी, अफाट, आणि तिच्यावर ठोकळे कापून नेलेल्या काळ्या चौकटी. एवढं सगळं त्या काळ्या चौकटींतून आलं होतं. इतके हिवाळे हे आपल्या पाठीमागे होतं! गोंगचे ओठ उघडे पडले. आपण किती लहान, आणि माणसांनी केवढं करून ठेवलंय, आणि तेही वितळणार हे ठाऊक असून, असं काहीतरी तिला वाटून गेलं. 

येझचे हुंदके थांबले होते. बधिर जिभेने ती म्हणाली, "आजी, हे सगळं नदीचं आहे?"

"नदीचंच."

"मग मासे कुठे गेले?"

"खाली आहेत. तिच्या पोटात अजून पाणी आहे."

येझ टाचा उंचावून त्या काळ्या चौकटींत मासे शोधायला लागली. दियाओने तिच्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाला, "लोखंड चाटलं म्हणजे ही आपलीच झाली. ताई, आता बसा. जिना पोरांनी भरलाय, परत उतरायला जागा नाही."

"मी? मी बसू?"

"नाहीतर कोण, तुमची सासू?"

"अरे पण खाली कोण आहे?"

दियाओने बोट दाखवलं. खाली, तिच्या जागेवर, श्वेयान उभी होती. पाय फाकवून, हात पसरून, नजर वर लावून. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. लहानपणी रोज शाळा सुटली की ती याच आवारात आईची पाठ पाहत बसायची, ते आत कुठेतरी राहिलं असणार.

गोंग चटईवर बसली, नातीला मांडीत घेतलं आणि डोळे मिटले. धक्का बसला.  वळणावर तिने डोळे उघडले, तेव्हा रंगांच्या नुसत्या रेघा दिसत होत्या आणि मांडीतली पोरगी किंचाळत होती. ती रडत नव्हती. मग श्वेयानचा चेहरा एकदम मोठा झाला आणि तिघी धप्पकन एकमेकींवर पडल्या.

गोंग उताणी पडली होती. वर बुरुजांची उजळलेली टोकं चहूबाजूंनी आत झुकून आली होती आणि त्यांच्या मधोमध गडद निळं आभाळ. त्या आभाळातून, ढग नसताना, हवेतच गोठलेलं दव चमचमत खाली येत होतं, इतकं हळू की जणू त्याला यायचंच नव्हतं. म्हणजे हे होतं इथे. पोरं उठत नव्हती ती यासाठी. आपण सगळ्यांना उठवत राहिलो. शेजारी येझ पडली होती, डोळे वर आणि जीभ बाहेर. त्या जिभेवर दवाचा एक कण पडला, तशी ती हसायला लागली.

"ऊठ ना आई, मागचा येतोय!" श्वेयान ओरडली.

गोंग उठली नाही. श्वेयानने दोघींना पायाने बाजूला सारलं, वळली आणि मागून आलेलं पोर छातीशी झेललं. मग त्याच्यामागचं. येझ केव्हाच उठून आजीचा हात जिन्याकडे ओढायला लागली होती. श्वेयानने नजर न हलवता, कापडी बुटांतले पाय आपटत म्हटलं, "आई, पुढच्या वर्षी ते नमद्याचे बूट आधीच काढून ठेव. इथे उभं राहायचं म्हणजे पाय गोठतात."