दोन बोटं जास्त

माझ्या मामाच्या दुकानातलं लाकडी स्टूल आता माझ्या खोलीत आहे. त्यावर कुंडी ठेवली आहे. तेव्हा त्यावर मापं द्यायला पोरांना उभं करायचे, आणि मी उभी राहिले की हमखास पोट आत ओढायचे.

"सोड ते पोट," मामा म्हणायचा. "मी फोटो काढत नाहीये."

टेप गळ्यात, खडू कानावर, ओठांत दोन टाचण्या. टाचण्या न काढता तो अख्खी गोष्ट सांगायचा. सगळा रस्ता त्याला मास्तर म्हणायचा. शाळेचे गणवेश त्याच्या हातचे घालून कितीतरी पोरं मोठी झाली. कमर बावीस भरली तरी वहीत बावीस कधी नसायचं, चोवीस असायचं. मी विचारलं तर म्हणायचा, "पोर वाढतं, कापड आटतं. जास्तीचं आत दुमडता येतं. कमी पडलं तर कुठून आणणार?" शिवणीच्या आत ठेवलेल्या त्या जादा कापडाला शिंपी माया म्हणतात. मामा इतरांपेक्षा दोन बोटं जास्त सोडायचा. माझा एकच स्कर्ट तीन वर्षं चालला. दर वर्षी खालची घडी उसवली की वरचा विटका निळा आणि खालचा कोरा निळा, असे पट्टे दिसायचे.

पन्नाशीत त्याला मधुमेह जडला. गोळ्यांवर बरीच वर्षं निघाली, मग साठीला इन्सुलिन आलं. डॉक्टरीणबाईंनी फोनमध्ये एक अ‍ॅप घ्यायला सांगितलं. घंटा वाजली की बोट टोचायचं, यंत्रावरचा आकडा अ‍ॅपमध्ये भरायचा. तो आपोआप बाईंकडे जाणार आणि त्या बघून डोस ठरवणार. अ‍ॅप मीच घालून दिलं. आकडा ठीक असला की हिरवं फूल उमलायचं.

"मला या वयात फुलं देणारं कुणीतरी मिळालं," मामा म्हणाला.

"घ्या हो घ्या," मामी मशीनवर काजं करता करता म्हणाली. "मला चाळीस वर्षांत एक मिळालं नाही."

शिस्त मात्र अशी, की एकही घंटा चुकली नाही. तरीही फूल क्वचितच उमलायचं. आकडे चढेच. बाईंनी डोस वाढवला. महिन्याने पुन्हा वाढवला.

आणि मामाचे हात कापायला लागले.

अकराच्या सुमाराला त्याला दरदरून घाम फुटायचा. सुईत दोरा ओवायला तो मामीला हाक मारू लागला, आणि ते त्याला फार लागलं. एकदा एका वकिलाच्या कोटाचं कापड कापताना कात्री खडूची रेघ सोडून आत घुसली. दोन बोटं जास्त ठेवलेली होती म्हणून कोट वाचला. मामा मटकन बाकावर बसला.

"टोचा बोट आधी," मामी म्हणाली. "माझा चष्मा कुठाय? मेला सापडायचा नाही."

मामानेच टोचलं, मामानेच आकडा वाचला, मामानेच भरला. फोनवर हिरवं फूल उमललं.

"माणूस घामाने निथळतोय, आणि हा म्हणतोय शाब्बास," मामीने त्याच्या हातात साखरपाणी दिलं.

"साखर ठीक आहे गं. हात गेले." थोड्या वेळाने तो म्हणाला, "मशीनला गिऱ्हाईक बघायला हवं."

मामी पेला विसळायला आत गेली.

पुढच्या तपासणीला मी त्यांच्याबरोबर गेले. डॉक्टरीणबाई आमच्याच शाळेच्या, माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षं पुढे.

"मास्तरकाका, कोट कुणाचा बिघडला म्हणे?"

"बिघडला नाही. पण आता आवरतं घेतो. रविवारी एक जण मशीन बघायला येतोय."

"घाम येतो तेव्हा साखर किती असते?"

"अठ्ठ्याण्णव. फूल आलं होतं."

"यंत्र आणलंय? द्या बघू." त्यांनी यंत्राचं बटण दाबलं. मागचे आकडे त्यातच साठलेले असतात, हे आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं. बाईंनी शेजारी अ‍ॅप उघडलं. बराच वेळ त्या इकडून तिकडे बघत राहिल्या.

"काका, यंत्रात अठ्ठावन्न आहे. तुम्ही अठ्ठ्याण्णव भरलंत. इथे एकशे बावीस, तुमचं एकशे बासष्ट. प्रत्येक ठिकाणी चाळीस जास्त."

मामी सावकाश मामाकडे वळली.

"मग?" मामा म्हणाला. "आहे तेवढंच कसं लिहिणार? कमी लिहून फसण्यापेक्षा..."

"...जास्तीचं आत दुमडता येतं," बाईंनी वाक्य पुरं केलं. "माझा पाचवीतला फ्रॉक मी सातवीत घालत होते, काका. पण इन्सुलिन आत दुमडता येत नाही. तुम्ही चाळीस वाढवलेत, मी त्यावर डोस वाढवला. साखर पार खाली गेली, म्हणून हात कापले. हात कुठे गेले नाहीत तुमचे."

मामाने हात उलटे केले, सुलटे केले. पहिल्यांदाच बघत असल्यासारखे.

"कळलं?" मामी म्हणाली. "बायकोच्या ब्लाउजला कधी इतकी माया सोडली नाहीत."

डोस उतरला. चार दिवसांत घाम थांबला. रविवारी सकाळी मशीन बघायला माणूस आला, तेव्हा मामा सुईत दोरा ओवत होता. त्याने चष्म्यावरून माणसाला न्याहाळलं.

"हा शर्ट कुणी शिवला?"

"तयार घेतला."

"दिसतंच आहे. खांदा कोपराशी आलाय. उभे राहा असे."

"पण मशीन..."

"तिला वेळ आहे. हात वर करा."

त्यानंतर सहा वर्षं ते दुकान चाललं. त्या माणसाने तीन शर्ट शिवून नेले. मशीन मामीच्या खिडकीशी आहे, आजही.

त्या सकाळचं मात्र मला अजून दिसतं. मामा टेप गुंडाळून वहीत छाती लिहितोय, अर्थात दोन वाढवून. एवढ्यात घंटा वाजते. तो बोट टोचतो. मामी चष्मा लावून शेजारी येऊन उभी राहते. यंत्रावर एकशे अठरा. मामाचा अंगठा फोनवर घुटमळतो.

"अठरा," मामी म्हणते.

"अठराच भरतोय." तो भरतो, फूल उमलतं, आणि तो नाराजीने मान हलवतो. "इतकं अंगाबरोबर माप बरं नव्हे."