चाळीस डब्या परत आल्या

डॉ. शौकी अब्दुल-मोती यांनी बनवलेली डबी बाटलीच्या बुचापेक्षा थोडी मोठी होती. आत नखाएवढा प्लॅस्टिकचा तुकडा. फॉस्फेटच्या खाणीत किरणोत्सारी वायू साचतो. त्याचे कण त्या तुकड्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या खुणा करतात. तुकडा क्षाराच्या गरम द्रावणात बुडवला की खुणा रुंद होतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात. वीज नको, तारा नकोत. परदेशी यंत्र मागवायचं तर कैरोत तीन खात्यांच्या सह्या लागत, आणि ही डबी औषधाच्या बाटल्यांच्या झाकणांतून तयार होई. ती नीट जमायला डॉक्टरांना अकरा वर्षं लागली.

एवढा खटाटोप कशासाठी, हे विद्यापीठातल्या आमच्या विभागात सगळ्यांना माहीत होतं. त्यांचे वडील दक्षिण इजिप्तमधल्या केना शहराच्या पूर्वेच्या डोंगरातल्या खाणीत होते आणि शेहेचाळिसाव्या वर्षी खोकून खोकून गेले. मग थोरला भाऊ बदवी पंधराव्या वर्षी खाणीत उतरला, तेव्हा कुठे शौकी शिकले. बदवी अजून तिथेच होता, सगळ्यात खालच्या बोगद्यात, जिथे हवा म्हणून येतच नाही. तिथे मोठा पंखा बसवा म्हणून डॉक्टर वर्षानुवर्षं मागे लागले होते. व्यवस्थापक म्हणायचे, "डॉक्टर, वायूचा आकडा आणा. आकडा वाईट निघाला तर पंखा बसवतो."

१९८३च्या वसंतात आम्ही दोघं आकडा आणायला गेलो. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, विभागात नुकताच लागलेलो. साहित्यवाटपाचं रजिस्टर माझ्याकडे होतं. सुरुंगांमुळे बोगद्याच्या भिंतींना डब्या लावायची परवानगी मिळाली नाही, म्हणून चाळीस कामगारांनी तीन महिने त्या छातीवर लावून काम करायचं असं ठरलं.

वाटप बदवीच्या अंगणात झालं. त्याने डबी कानाशी हलवून पाहिली.

"शौकी, अकरा वर्षं खपून तू बटण बनवलंस? मग शर्ट कुठाय?"

"शर्ट तुझा, बटण माझं. खाली उतरताना लावायचं, एवढंच."

"आणि हरवलं तर?"

उत्तर मी दिलं. कैरोतल्या शाळा-इस्पितळांत वाटलेल्या डब्यांपैकी तिसरा हिस्सा परत आला नव्हता, म्हणून या खेपेला मी पावत्या छापून नेल्या होत्या. "हरवायचं नाही, बदवीभाऊ. सरकारी वस्तू आहे. इथे अंगठा करा." आणि मजकूर मोठ्याने वाचला : ही वस्तू मी अमानत म्हणून घेतली आहे, जशी घेतली तशी परत करीन.

एक म्हातारा कामगार हसला. "एवढं लिहायला कागद कशाला नासलास, एफेंदी? अमानत म्हटलंस की संपलं. आम्ही उपाशी मरू, पण लोकांच्या ठेवीला ओरखडा पडू देणार नाही."

मला माझा मजकूर फार आवडला होता.

तीन महिन्यांनी चाळीसच्या चाळीस डब्या परत आल्या. एकही फुटलेली नाही, एकीवरही धूळ नाही. मी रजिस्टरात खुणा करत म्हणालो, "दक्षिणेचा माणूस म्हणजे सोनं!" डॉक्टरही खूश झाले.

मग त्यांनी मोजायला घेतलं. आकडा अगदी कमी निघाला, राहत्या खोलीत असतो जवळपास तेवढाच. त्यांना आपल्या क्षाराचा संशय आला, तापमानाचा आला, स्वतःच्या डोळ्यांचा आला. माणसांचा आला नाही. दोनदा नव्याने मोजलं. शेवटी मला म्हणाले, "मला आवडला नाही म्हणून आकडा खोटा म्हणू का, लबीब?" शोधनिबंध छापून आला. व्यवस्थापकांनी आम्हाला चहा पाजला आणि पंख्याची फाइल बंद केली.

चार वर्षांनी बदवी गेला. एक्कावन्न वर्षांचा होता.

मी डॉक्टरांबरोबर गेलो होतो. तीन दिवस शोकाच्या मांडवात बिनसाखरेची कॉफी पीत आलेल्या-गेलेल्याशी हात मिळवणं चाललं. तिसऱ्या दिवशी बदवीच्या बायकोने, बहिय्याने, आम्हाला आत बोलावलं आणि पेटीतून हिरव्या मखमलीची छोटी पिशवी काढून डॉक्टरांपुढे धरली.

"ही घेऊन जा, शौकी. तुझ्या बटणासाठी शिवली होती. पुन्हा लागेल म्हणून ठेवली."

"बटणाला पिशवी कशाला, वहिनी?"

"मग तसंच टाकू? तुझा भाऊ तर पहिल्याच दिवशी ते लावून खाणीत निघाला होता! मी दारातच अडवलं. म्हटलं, अक्कल आहे का? अंगठा देऊन बसलास, आणि त्या धुळीत नेतोस? काढून घेतलं आणि कुराणाशेजारी ठेवलं. गल्लीतल्या सगळ्या बायकांनाही बजावलं."

"सगळ्यांना?"

"चाळीस घरं. मी स्वतः फिरले." डॉक्टरांचा चेहरा तिने पाहिला असावा. "बरोबर केलं ना मी?"

मी जमिनीकडे पाहत होतो. डॉक्टरांनी पिशवी घेतली, हातात जरा फिरवली.

"तुझ्यासारखी ठेव कुणीच सांभाळली नाही, रदवानच्या आई," ते तिला मुलाच्या नावाने हाक मारत म्हणाले.

परतीची गाडी असयूत स्टेशनात थांबली. तेव्हा डॉक्टर म्हणाले, "पंखा असता तर भाऊ वाचला असता, असं मी म्हणू शकत नाही. छत्तीस वर्षं खाली होता तो. पण शेवटची चार वर्षं माझ्या भरवशावर उतरला. दर ईदला विचारायचा, शौकी, खाली ठीक आहे ना? मी म्हणायचो, ठीक आहे."

महिन्याभरात ते वीस डब्या घेऊन गेले आणि सहा आठवडे रोज स्वतः खालच्या बोगद्यात उतरले. आकडा आधीच्या चौदापट निघाला. सात महिन्यांनी पंखा बसला. त्यांनी जुना निबंध मागे घेतला. त्याचं पत्र मीच टंकलिखित केलं. चार ओळी होत्या : मापनकाळात डब्या योग्य जागी होत्या की नाही याची मी खात्री केली नाही, निष्कर्ष चुकीचा आहे, दोष सर्वस्वी माझा आहे.

"माझ्या पावतीचं लिहा," मी म्हणालो. "खरं तेच आहे."

"नको."

बढतीच्या बैठकीत एक सदस्य म्हणाले, "ज्याला आपली डबी कुठे ठेवली होती तेच ठाऊक नाही, त्याच्या हाती विभाग द्यायचा?" सगळे हसले. टिपणं मी घेत होतो. पद दुसऱ्याला गेलं, आणि डॉक्टर सहायक प्राध्यापक म्हणूनच निवृत्त झाले. डबी मात्र देशभर वापरात आली. आता वाटताना ती छातीवर कशी लावायची हे माणसाला उभं करून दाखवतात, आणि कसलीही पावती घेत नाहीत.

निवृत्तीच्या दिवशी कपाट रिकामं करताना मी पुन्हा विषय काढला. चार ओळींच्या पाच ओळी केल्या असत्या तर लोक असं बोलले नसते, असं म्हणालो.

"ते पत्र खाणीच्या फलकावर लागणार होतं," ते म्हणाले. "वहिनीचा रदवान तिथल्याच शाळेत मास्तर आहे. संध्याकाळी घरी जाऊन त्याने आईला वाचून दाखवलं असतं."

डॉक्टर जाऊन नऊ वर्षं झाली. बहिय्या गेल्या हिवाळ्यात वारली. पाचवी ओळ आता लिहिली तर चालेल : पावतीचा मजकूर माझा होता.