वैशालीनं नापास केलेले इअरफोन

बातमी आली तेव्हा माझ्या कानात इअरफोन होते, म्हणून टेबलावर थरथरणारा मोबाइल मला कळलाच नाही. ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या प्रशांतनं खांद्याला हात लावून फोनकडे बोट दाखवलं. पलीकडे वैशालीचा भाऊ संजय होता. "ताई, वैशूताई गेली. सकाळी, घरीच," एवढंच त्यानं सांगितलं. मागे एक बाई रडत होती, कुत्रं भुंकत होतं, लांबून ट्रॅक्टर जात होता... आणि एवढ्या मोठ्या बातमीत मी ते आवाज वेगवेगळे काढत बसले होते. ही सवय मला वैशालीनंच लावलेली. या गोष्टीला आता दोनेक महिने होतील. आज लिहायला घेतलं, कारण जो तो तिच्याबद्दल "किती हसतमुख होती" म्हणतो. ती मुळीच हसतमुख नव्हती. चिडकी होती, कमालीची चोखंदळ होती, आणि वैताग असा की बहुतेक वेळा तिचंच बरोबर निघायचं.

आमचं ऑफिस कॉलेज रोडवर एका कापडाच्या दुकानाच्या वर होतं. दोन हजार सालानंतर हे काम नुकतंच इकडे येऊ लागलं होतं. अमेरिकेतले डॉक्टर रुग्ण तपासून झाला की जे बोलून ठेवत, ते इंटरनेटवरून आमच्याकडे यायचं आणि आम्ही ते ऐकून टाइप करायचो. डॉक्टर खाता खाता बोलत, जांभया देत, शेवटचा शब्द गिळून टाकत. जो शब्द कळला नाही तिथे रिकामी जागा सोडायची, असा नियम. वैशाली शहराबाहेरच्या मखमलाबादहून यायची. घरची फुलशेती, झेंडू आणि शेवंती, जोडीला थोडा भाजीपाला. त्या घरात पंख्याखाली बसून पगार आणणारी ती पहिली, आणि हे ती कधी बोलून दाखवत नसली तरी तिच्या बसण्यात दिसायचं. तिच्या फायलींत रिकाम्या जागा जवळपास नसतच. मी तिला दोन वर्षं सीनियर, पण अडलं की मीच उठून तिच्या टेबलाशी जायची.

कंपनीचे मोठे हेडफोन डोक्यावर शेगडी ठेवल्यासारखे तापायचे. म्हणून प्रत्येक जण स्वतःचे स्वस्तातले, रबरी टोपी असलेले, कानाच्या आत बसणारे इअरफोन आणायचा. स्वस्तातले घेतले की त्यांच्यात फरक फार. कुठला घ्यायचा हे वैशाली ठरवायची. एम. जी. रोडवरच्या दुकानात मी तिच्याबरोबर एकदा गेले होते. दुकानदार मोठ्या उत्साहानं ढणढण गाणं लावून म्हणाला, "मॅडम, बेस ऐका, बेस!" ही म्हणाली, "बेस घेऊन काय करू? मला माणसं ऐकायचीत." आणि तिनं पर्समधून स्वतःचा वॉकमन काढला. त्यातली कॅसेट तिनंच घरी भरलेली. तिची आई, काकू आणि शेजारच्या यमुनाबाई ओट्यावर बसून हार गुंफतायत आणि तिघी एकाच वेळी बोलतायत, बस्स. तिचं म्हणणं, गाणं कुठल्याही डबड्यात बरं वाजतं, इअरफोनची परीक्षा बायका बोलायला लागल्या की होते. तिघींचं बोलणं सुटं सुटं कळायला हवं. स आणि फ यांच्या फुंकरी ऐकू यायला हव्यात. आणि मधेच काकू दाताने दोरा तोडते, तो बारीकसा 'टक्' आला पाहिजे. "दोरा तुटला की पास." बाकीचे निकालही तिच्याच भाषेत असायचे. "हा डब्यात तोंड घालून बोलतो." "याला सर्दी झालीय." कुणी घाईनं मत दिलं की त्याला झापायची, "आधी टोपी कानात नीट बसव. फट राहिली तर सगळेच पत्र्यासारखे वाजतात." तो दुकानदार पुढे तिला लांबून येताना पाहिलं की चांगला माल काउंटरखालून काढून ठेवायचा.

मग तिच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, सलाइनमधून औषधं सुरू झाली. त्यातल्या एका औषधाचं नाव आम्ही सगळ्यांनी कितीदा टाइप केलेलं होतं. कानांवर परिणाम होतो, श्रवणचाचणी करावी, हे वाक्यही त्याच्या पाठोपाठ ठरलेलं. तिच्या डॉक्टरांनीही ते सांगितलं होतं. पण केस, उलट्या, रक्त, ताप या सगळ्यात कानाकडे बघायला कुणाला सवड होती... ती स्वतःही म्हणाली, "आधी जगू दे, मग ऐकू." औषधं संपल्यावर ती डोक्याला स्कार्फ बांधून कामावर परत आली तेव्हा आम्ही पेढे वाटले.

पंधरा दिवसांत तिनं नवे इअरफोन आणले आणि नापास केले. "दोरा तुटत नाही यात." मी कानात घातले. दोरा स्वच्छ तुटत होता. मी प्रशांतकडे दिले. त्यानं ऐकलं, माझ्याकडे बघितलं आणि वैशालीला म्हणाला, "हो गं, फालतूच आहेत." मी ते पाकिटात परत घातले. दुसरे आले, तेही नापास. तिसरे आले. तिला सोडून ऑफिसात आम्ही पाच जण होतो आणि पाचही जण कानात घालून तोंड वाकडं करायचो, अगदी वाकबगारपणे. ती पुटपुटायची, "हल्ली माल बिघडलाय." तिच्या फायलींत रिकाम्या जागा वाढत चालल्या. ती घरी गेली की आम्ही त्या भरून टाकायचो. यात कुणाला काही चुकीचं वाटत नव्हतं. आजारातून उठलेल्या पोरीला सांभाळून घ्यायचं, एवढंच डोक्यात होतं. आता विचार केला की वाटतं, असल्या सांभाळून घेण्याइतकं एकटं पाडणारं दुसरं काही नसेल.

एके दिवशी दुपारच्या चहाला तिनं नवंकोरं पाकीट काढलं. "आज महागातले आणलेत. सांगा." कॅसेट लावली, एकेकाच्या हातात दिली. प्रशांत म्हणाला, डब्यासारखे आहेत. दुसऱ्यानं सर्दी काढली, तिचाच शब्द तिला परत दिला. माझी पाळी आली तेव्हा मीही मान हलवली. ती शांतपणे वायर गुंडाळत म्हणाली, "हे माझे जुनेच आहेत. गेल्या दिवाळीला मी पास केलेले. टोप्या बदलल्या आणि स्पिरिटनं पुसले. तुम्ही सगळ्यांनी माझ्या सांगण्यावरून हेच घेतले होते. प्रशांत, तुझ्या गळ्यात आत्ता हेच आहेत." कुणी कप खाली ठेवेना. मग ती माझ्याकडे वळली.

"विद्याताई, दोरा तुटतो का यात?"

"तुटतो."

"आणि त्या बाकीच्यांत?"

"सगळ्यांत तुटतो, वैशाली."

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती चिडली. "तिकडे कुणाचा तरी डोस चुकला असता माझ्या हातून, आणि तुम्ही इथे माझी समजूत काढत बसलात?" त्याच संध्याकाळी ती साहेबांकडे गेली, माझं काम आजपासून तपासल्याशिवाय पाठवू नका म्हणाली, आणि महिनाअखेरीला नोकरी सोडली. साहेबांनी तिला हिशेबाच्या कामावर बसायला सांगितलं होतं. ती नाही म्हणाली. मला तिचा तेव्हा फार राग आला होता. एवढं ताणायची काय गरज होती, असं मी घरी बोललेसुद्धा. तिच्यासाठी काय तुटलं ते मला उशिरा कळलं. ऐकणं हे एकच काम तिला सगळ्यांपेक्षा चांगलं येत होतं, आणि ते गेल्याचं तिला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

पुढे मी मखमलाबादला जायची तेव्हा ती ओट्यावर भिंतीला टेकून बसलेली असायची. कान कसे आहेत असं मी एकदा सरळच विचारलं. सरळ विचारल्याचं तिला बरं वाटलं. "आवाज येतो गं. आई आहे का काकू आहे, खूश आहे का वैतागलीय, सगळं कळतं. शब्दांच्या कडा तेवढ्या गेल्यात. समोर तोंड दिसलं तर जमतं." कानाचं मशीन घ्यायचं चाललं होतं, त्यासाठी संजय सातपूरच्या कारखान्यात ओव्हरटाइम करत होता. तेवढ्यात गाठ पुन्हा उठली, आणि मशीनचं नाव कुणी काढलं नाही. शेवटचे आठ-दहा दिवस तिनं डोळे उघडले नाहीत. तिची आई, शांतामावशी, उशाशी बसून दिवसभर तिच्याशी बोलत असायच्या.

परवा मी त्यांना भेटायला गेले. त्या अंगणात कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होत्या. मीही शेजारी बसून जुड्या बांधायला लागले. मग त्यांनी विचारलं, "ताई, तुमचं कानाचंच काम हाय, म्हणून इचारते. शेवटाला म्या एवढं बोलत व्हते, डोळं तर मिटलेलं तिचं... तिला आयकू येत व्हतं का?"

येत होतं मावशी, सगळं येत होतं, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. दुसऱ्या कुणाच्या घरात मी तेच म्हणाले असते. या घरात ते तोंडातून निघेना.

"आवाज येत असणार, मावशी. तुमचाच आहे हे तिला कळत असणार. शब्द नसतील कळले."

त्यांनी हातातली जुडी बांधून खाली ठेवली. "आवाज पोचला ना? मग बास. शब्दांचं काय... बाजारात काय भाव निघाला त्येच सांगत व्हते तिला. दुसरं काय बोलनार म्या."

मग त्या उठून चहा ठेवायला गेल्या आणि अर्ध्यातूनच परत आल्या. आजारपणात वैशालीशी बोलायची त्यांनी एक रीत बसवून घेतली होती, ती आता सगळ्यांनाच लागू झालीय. आधी हाताला हात लावायचा, समोरच्यानं मान वर केली की मगच बोलायचं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. संजय आतून म्हणाला, "आई, ताईंना नीट ऐकू येतं." त्यांनी ते मनावर घेतलं नाही. माझ्या हाताला हात लावला, मी वर बघेपर्यंत थांबल्या, आणि विचारलं, "साखर किती घालू?"