घोडीच्या पायाखालची जाळी

रशीदभाई घोडीच्या जागेत शिरताना चपला बाहेर काढायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी विचारलं, "अहो, तबेला आहे की मशीद?" ते म्हणाले, "चपलेतून जमीन कळत नाही, वहिनी. ती दिवसभर यावर उभी राहणार, मला नको कळायला?"

धायरीत आमच्या घरामागे मोकळी जागा आहे. आमचे हे गेल्यावर ती नुसतीच पडून होती, म्हणून त्यांना वापरायला दिली. लग्नाच्या वरातीला घोडी देणं हा त्यांचा धंदा. एक एक करत सगळ्या विकून शेवटी चांदणी तेवढी उरली होती. ती बँडवर नाचायची. शिंगरू असताना त्यांनी तिला रिकामा डबा वाजवून नाच शिकवला होता. स्वभावाने तिरसट माणूस. नवरदेवाला वर चढवताना सांगायचे, "लगामाला हात लावू नका. लग्न तुमचं, घोडी माझी."

आजूबाजूला भर घालून इमारती उठल्या आणि सगळ्यांचं पावसाचं पाणी माझ्या जागेत उतरायला लागलं. चिखलात उभं राहून चांदणीच्या पुढच्या एका खुराचा तळवा सडला. गुरांचे डॉक्टर म्हणाले, "औषध देतो, पण पाय कोरडा राहिला नाही तर घोडी कायमची लंगडी होईल." रशीदभाईंनी मुरूम टाकला. चिखलाने तो गिळला.

मग इमारतींच्या पार्किंगमध्ये घालतात ती प्लास्टिकची जाळी बघायला आम्ही दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "चाचा, यावर मोटारी उभ्या राहतात."

"मोटार गप उभी राहते. माझी घोडी माशी बसली तरी पाय आपटते."

त्यांनी सगळे नमुने जमिनीवर मांडले आणि एकेकावर अनवाणी उभे राहिले. पातळ कडांची जाळी पायाला कापते म्हणून नको. मोठ्या भोकांची नको, खुराचं टोक अडकेल. शेवटी जाड कडांची, लहान घरांची, एकमेकींत घट्ट बसणारी पसंत पडली. मी कंटाळून स्टुलावर बसले होते. म्हटलं, "मी साडीला इतका वेळ लावत नाही." "साडी फाटली तर दुसरी मिळते," ते म्हणाले.

चिखल उपसला, खडी पसरली, जाळी बसवली. तिच्या घरांत वाळू भरायची होती, पण वाळूची गाडी आली नव्हती. घोडी चिखलातच उभी होती. रशीदभाईंना धीर निघेना. त्यांनी तिला तशीच पोकळ जाळीवर आणली. खूर पडले तसा डबा वाजावा तसा टकटक आवाज निघाला. चांदणीने कान टवकारले आणि नाचायला लागली, त्या दुखऱ्या पायावर. नाचेल तसं वाजे, आणि वाजेल तशी ती नाचे. रशीदभाई दोरीला लोंबकळत ओरडत होते, "बस बेटा, बस!" त्यांना घाबरलेलं मी तेव्हाच पाहिलं.

"आधी खाली घ्या तिला!" मी ओरडले. त्यांनी तिला पुन्हा चिखलात ओढली, तेव्हा ती थांबली. माझ्या मोरीच्या दुरुस्तीची वाळू पुढच्या दारी पडली होती. आम्ही दोघांनी घमेल्यांनी ती आणून घरं भरली. मग घोडी वर आणली. आवाज नाही. ती मान खाली घालून उभी राहिली.

"इतकी वर्षं घोड्यांत गेली, आणि हे सुचलं नाही?" मी विचारलं.

"शिकवलं मीच, विसरलोही मीच," एवढंच म्हणाले.

लग्नसराईपर्यंत पाय बरा झाला. लोक नाचणारी घोडी मागायला आले. रशीदभाई म्हणायचे, "चालेल. नाचणार नाही."

"गेल्या वर्षी नाचली होती की!"

"मग गेल्या वर्षी लग्न करायचं."

बरीच गिऱ्हाइकं गेली. त्यांनी कुणाला थांबवलं नाही.

या उन्हाळ्यात ते गेले. छातीत दुखलं आणि संपलं. पावसाच्या तोंडावर त्यांचा मुलगा टेम्पो घेऊन घोडी न्यायला आला. मांजरी गावात कुणाच्या तरी तबेल्यात तिला ठेवणार होता. मी विचारलं, "तिथे खाली काय आहे?"

"जमीन आहे, काकू. काय असणार?"

"आधी बघून ये."

तो चिडून रिकामाच टेम्पो घेऊन गेला. पहिला मोठा पाऊस झाल्यावर परत आला, टेम्पोत कडबा भरून. फाटकाबाहेरूनच म्हणाला, "तिथे गुडघाभर चिखल आहे. राहू दे का इथेच?"

"मग बाहेर काय उभा राहिलास? कडबा भिजतोय, उतरव."