पत्र्याच्या पोटातला पापुद्रा

माझ्या थोरल्या साडूंना पोलादी पत्रा जितका कळला तितका तो ओतणाऱ्या भट्टीलाही कळला नसेल, हे मी पूर्ण जबाबदारीनं लिहितो. मी आकड्यांचा माणूस आहे. बोईसरच्या ज्या कारखान्यात ते पत्रा तपासायचे, तिथेच त्या तपासणीची नोंद मी अठरा वर्षं ठेवली. पातळ पत्रा वरून आरशासारखा दिसतो, पण ओतताना आत राहिलेली घाण लाटण्यात चपटी होते आणि कधीकधी पत्र्याच्या पोटात पापुद्रा धरते. डोळ्यांना तो दिसत नाही. गिऱ्हाइकाकडे पत्रा साच्यात दाबला की नेमका तिथेच फाटतो. साडू पत्र्याचा कोपरा उचलायचे, जागोजागी नखानं टिचकी मारायचे आणि डोळे मिटायचे. धड पत्रा लांबवर गुणगुणत राहायचा. पापुद्र्यापाशी तोच आवाज बसका व्हायचा, आणि तिथे ते खडूनं गोल काढायचे. तो गोल कापून बघायचा आणि आत पापुद्रा निघाला की नाही ते लिहायचं, हे माझं काम. वीस गोलांतले अठरा तरी खरे निघत.

ही विद्या घरची. मुरबे या किनाऱ्यावरच्या गावी त्यांचे वडील होडी पाण्यात लोटण्याआधी फळीन् फळी बोटाच्या पेरानं ठोकून, कान लावून, आतून कुजलेली फळी सांगत. "बापूस लाकडाला इचारी, मी लोखंडाला इचारतो. येवढाच फरक," असं साडू म्हणायचे. पण डोळे मिटल्यावर ते कुठे जात, हे मला कधी नोंदवता आलं नाही. हातातला पत्रा मंद हलायचा, छपरातून आलेलं ऊन त्याच्यावरून ओहोटीच्या पाण्यासारखं सरकायचं, आणि त्या उजेडात साडू अर्धवट हसत उभे. क्रेनवाला वरून ओरडायचा, "चाचा, इसी चादर के साथ घर बसाओगे क्या?" साडू डोळे न उघडता उत्तर द्यायचे, "बसवला असता रे, पन तिच्या पोटात खोट हाय."

ही टिचकी कारखान्यात राहिली असती तर प्रश्न नव्हता. पालघरला आम्ही फ्रीज घ्यायला गेलो तर साडूंनी दुकानातले सगळे दरवाजे वाजवून पाहिले, अर्धा तास एकाशी कान लावून बसले, आणि "आवाज गोड हाय, पन लगेच घ्यायला नको" म्हणून आम्हाला बाहेर काढलं. उमरोळीच्या एका लग्नात पंगत बसली होती. यांनी शेजारच्या रिकाम्या ताटाला टिचकी मारली आणि ते बदलायला लावलं. ताट नवऱ्यामुलाच्या मामांपुढचं. मामा तडकले, "आमच्यात काय खोट काढता?" साडू शांतपणे म्हणाले, "ताटात हाय. तुमाला मी अजून कुठं ठोकून बघितला?" मामांची समजूत घालेपर्यंत वरण निवलं.

माझी मेव्हणी, म्हणजे त्यांची बायको, म्हणायची, "पत्र्याची कुजबूज ऐकू येते यांना. मी चार हाका मारल्या तरी वळून बघत नाय." आम्ही हसायचो. घरोघरीची तक्रार म्हणून मीही ती सोडून दिली.

गेल्या वर्षी कारखान्यात ध्वनिलहरींनी पत्रा तपासणारं यंत्र आलं. साडू त्याच्या पडद्यावरची उड्या मारणारी रेघ कौतुकानं बघत राहिले. मॅनेजर मला म्हणाले, "तीन महिने दोघांना तेच पत्रे द्या. मग तुमच्या आकड्यांवरून ठरवू, यांना तपासणीवर ठेवायचं की पॅकिंगला पाठवायचं." मी निर्धास्त होतो, अठरा वर्षांचे आकडे माझ्याच हातचे होते; त्या भरवशावर अलीकडे तर मी थोडेच गोल कापून बघत असे.

तीन महिने संपल्यावर कागद मांडला. यंत्राच्या वीस खुणांत एकोणीस पापुद्रे निघाले होते. साडूंच्या वीस गोलांत नऊ. मी मोजणी तीनदा केली. माझी चूक निघावी अशी इच्छा धरून मी आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी मोजत होतो. एवढी वर्षं दाबयंत्रांच्या धडधडीशेजारी उभा राहिलेला तो कान कधी थकला, ते माझ्या वहीला कळायला तीन महिने लागले, आणि मेव्हणीला ते केव्हाच कळलं होतं.

कागद वर देण्याआधी मी साडूंकडे गेलो. त्यांच्या हातात पत्रा होता.

"काय निघाला, साडू?" त्यांनी मला विचारलं.

"नऊ," मी म्हणालो.

"किती?"

"नऊ!" आजूबाजूच्या दोघांनी वळून पाहिलं.

त्यांनी पत्रा सावकाश खाली ठेवला, दोन्ही हातांनी, झोपलेल्या पोराला ठेवावं तसा. मग म्हणाले, "पहिल्यांदा पन ऐकला होता मी. वाटला, दुसऱ्यांदा इचारला तर जरा वाढवून सांगाल."

मी कागदाची घडी घातली.

"नका वाढवू," तेच म्हणाले. "मी धड म्हनून सोडलेला पत्रा लोकांच्या कारखान्यात फाटायला नको. जा, देऊन या."

मी देऊन आलो. सुटी झाल्यावर आम्ही रोजच्यासारखे पायी निघालो. पॅकिंगला पंखा आहे म्हणे, असं काहीबाही साडू सांगत होते. मागून एक टेम्पो हॉर्न वाजवत आला, अगदी जवळ आला, तरी त्यांचं बोलणं तुटलं नाही. मी त्यांच्या उजवीकडे, रस्त्याच्या अंगाला झालो.  तेव्हापासून मी रोज त्याच बाजूनं चालतो.