बसलेली गाय आणि चेअरमनसाहेबांचा फोटो

दुष्काळाच्या त्या वर्षी आष्टीकडच्या आमच्या गावात माणसांपेक्षा जनावरांची सोय बरी होती, असं सोसायटीचे चेअरमन सांगायचे. त्यांच्याच सोसायटीनं माळावर चारा छावणी काढली होती. चुलता ऊसतोडीला गेलेला, त्यामुळं चुलती एकटीच जनावरं घेऊन छावणीत राहायची. "एक दिवस हाताखाली ये," असा तिचा निरोप आला, म्हणून मी कॉलेज बुडवून बीडहून गेलो. कॉलेजचं फार नुकसान झालं असं नाही.

पोचलो तर चुलतीची तांबडी गाय बसलेली. उपासानं खंगलेलं जनावर एकदा बसलं आणि दिवसभर तसंच राहिलं की परत उठत नाही, हे आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक. मग पोटाखालून गोणपाट घालायचं, दोन्ही बाजूंनी माणसं लावायची, उचलायचं आणि पायात जीव येईस्तोवर तोलून धरायचं. ती गाय चुलतीनं वासरू असल्यापासून सांभाळलेली.

पण माणसं होती कुठं? चेअरमनसाहेब पाहणीला येणार म्हणून सगळी मंडपात. जनावरांना प्यायला पाणी पुरत नव्हतं, मंडपापुढं मात्र सडा मारलेला. फुफाट्यानं साहेबांचे पांढरे कपडे मळायला नकोत ना! साहेब आले, हार झाले, भाषण सुरू झालं. मुक्या जिवांबद्दल बोलताना साहेबांचा गळा असा दाटून आला, की त्यांना मधेच दोन ग्लास पाणी प्यावं लागलं.

चुलती सरळ मंडपात घुसली. "साहेब, मुकं जनावर तिकडं मरायलंय. भाषन मागून करा, आदी ही मानसं द्या!"

सगळ्यांसमोर नाही म्हणायची सोय नव्हती. शिवाय सोबत फोटोग्राफर होता. साहेब बाह्या सरसावून आले, गोणपाटाचं टोक धरलं आणि कॅमेऱ्याकडं बघून हसले. आम्ही जोर लावला. गाय अर्धी उठली अन् मागून कलली.

"आरं, हिकडं मानूस कमी हाय!" चुलती ओरडली आणि तिनं फोटोग्राफरच्याच मुठीत गोणपाट कोंबलं. "लाव जोर, बाबा!"

तोलून धरता धरता साहेबांचा घाम निघाला. सोडावं तर लोक बघतायत. शेवटी गायीनं एक पाय रोवला, मग दुसरा. थरथरत का होईना, ती उभी राहिली. चुलती तिच्या गळ्यात पडून रडली. मलाही रडू आलं, खोटं कशाला सांगू.

साहेबांनी कपडे झटकले. "फोटो चांगला आला ना?"

"साहेब, माझे दोन्ही हात गोणपाटाला होते," फोटोग्राफर म्हणाला.

साहेबांनी उभ्या गायीकडं एकदा पाहिलं. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "असं करा, तिला परत बसवा. एकदा नीट उचलू."

चुलतीनं पदरानं डोळे पुसले. गायीच्या पोटाखालचं गोणपाट ओढून काढलं आणि साहेबांच्या पायापुढं अंथरलं.

"ती न्हाई आता बसायची. तुमीच बसा, साहेब. आमी सगळी मिळून तुमाला उचलतो, मग काढा फोटू."